कुंपणापलीकडचे चार फूट

शेजारच्या घरावर कमेटीची नोटीस लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी रुख्मिणी नेहमीसारखी धुण्याचं घमेलं घेऊन माणिकबाईच्या विहिरीवर आली. आज तिनं येऊ नये असं माणिकबाईला मनापासून वाटत होतं, पण ते सांगायचं कुठल्या तोंडानं? शेजारच्या तिच्या प्लॉटवर अजून विहीर खणलेली नव्हती, आणि "आमचं पानी वापर, लाजू नको" असं माणिकबाईनंच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

रुख्मिणीनं नवऱ्याचं धोतर बुचकळलं, त्याचा पिळा केला आणि दगडावर असं आपटलं की विहिरीतली कबुतरं उडाली.

"गोटाचोर म्हने!" ती म्हणाली. "मावशी, तुमीच सांगा. बाळापुराकडे आमचं अठ्ठावीस एकर वावर हाय. चारी बाजूनं भावकी. आजवर एकानंबी म्हटलं नाई का पुंजारामनं धुरा-बांध कोरला म्हनून. अन् इथं शयरात येऊन, पन्नास फुटाच्या तुकड्यासाठी आमी हद्दीचा गोटा सरकवला म्हनते तो कमेटीचा ओसियर!"

"तसं नसन म्हटलं त्यानं."

"तसंच म्हटलं. तुमी होत्या ना तिथं."

होती. माणिकबाई तिथंच होती. आता ती बाजाराच्या मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, आणि एकच जुडी तिनं दोनदा सोडून बांधली. रुख्मिणी ज्या दगडावर धोतर आपटत होती त्याच्याकडे तिनं मान वळवली नाही. सात वर्षं रोज पाहिलेला दगड, त्यात पाहायचं काय! दोन हात लांब, हातभर रुंद, वरून साबण-खारानं गुळगुळीत झालेला. त्याची खालची बाजू मात्र घडवलेली होती, आणि तिच्यावर सरकारी नझूल खात्याच्या माणसांनी छिन्नीनं एक बाण आणि एक आकडा कोरलेला होता. साऱ्या जगात हे एका माणिकबाईला ठाऊक होतं.

ज्या दगडाच्या नसण्यानं पुंजारामवर चोरीचा आळ आला होता, त्याच दगडावर त्याची बायको त्याचं धोतर धूत होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं की माणिकबाई मोठी कपटी. कपट करायला सवड लागते. पहाटे वांगी तोडणं, दिवस उगवायच्या आत टोपली भरणं, दुपारी पाण्याचे पाट फोडणं, संध्याकाळी जुड्या बांधणं, यात बाईला कपट सुचणार कधी?

राजापेठेच्या पुढे तेव्हा घरं थोडी आणि वाड्या फार होत्या. सरकारच्या नझूल खात्यानं तिथं प्लॉट पाडले, चुना फासलेले दगड पुरले आणि माणिकबाईच्या नवऱ्याला, उत्तमरावांना, त्यांच्या वाडीचाच एक तुकडा पट्ट्यानं दिला. पश्चिमेचा प्लॉट रिकामा होता. तिथं बाभळी, तरवड आणि गावाच्या शेळ्या. शेळ्यांसाठी म्हणून माणिकबाईनं मेंदीचं कुंपण लावलं, आणि ते लावलं दगडांच्या पलीकडून. आपली माती कुंपणाखाली का घालवायची? पलीकडे सरकारची जमीन, म्हणजे कोणाचीच नाही. दर आषाढात ती मेंदी छाटायची आणि छाटलेल्या काड्या बाहेरच्या अंगानं खोचायची. आतली खोडं पायाखाली येऊन वाळायची, बाहेरची फुटायची. कुंपण कोणी उचलून पुढे ठेवत नाही, ते आपलं आपण चालतं, वर्षाला चार बोटं. पुढच्या कोपऱ्यावरचा दगड असा हळूहळू कुंपणाच्या आत, अंगणातच येऊन पडला. मागचा दगड तर पहिल्याच पुरात नाल्यात गेला होता.

मग एका भादव्यात तो कोपऱ्याचा दगड पावसानं कलला आणि पाण्याच्या पाटात आडवा आला. उत्तमराव अकोल्याला गेले होते, त्यांचा भाऊ भगवंत तापानं फणफणत होता. माणिकबाईनं दोन दिवस दगडाला वळसा घालून पाणी नेलं. तिसऱ्या दिवशी तिनं मोटेचे बैल सोडले, दगडाला नाडा बांधला आणि ओढत विहिरीवर नेला. अक्षरांची बाजू तिनं मुद्दाम खाली केली, असंही नाही. ती बाजू खडबडीत होती, कापड फाटलं असतं. खड्डा बुजवून तिनं त्यात गोडलिंब लावला.

उत्तमराव परत आले तेव्हा दगडाला पाय लावून म्हणाले, "वा! हा कुठून आनला, शकुनची माय?"

"वडरानं देल्ला," ती म्हणाली.

खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण 'सरकारचा दगड उपटला' म्हटलं असतं तर ते चार दिवस बोलत राहिले असते, आणि ते अकोल्याहून थकून आले होते. इतकंच.

या 'इतकंच'चं घर झालं चार वर्षांपूर्वी. तोवर शहराच्या म्युनिसिपल कमेटीचे नवे नियम आले होते. नकाशा पास केल्याशिवाय वीट लावायची नाही. कमेटीच्या यादीत नाव असलेल्या मिस्त्रीनंच बांधायचं. आणि दोन्ही शेजाऱ्यांनी हद्दीपासून चार-चार फूट मोकळे सोडायचे, म्हणजे दोन घरांत आठ फुटांची गल्ली राहील. लोक कुरकुरले. माणिकबाई कुरकुरली नाही. प्लेगच्या साली ती सात वर्षांची होती. जुन्या गावात भिंतीला भिंत लागलेल्या घरांतून एका आठवड्यात तिची आई आणि दोन भाऊ गेले होते. वारा म्हणजे काय ते तिला सांगावं लागत नव्हतं.

पण त्या घराच्या वेळी मोजायला आलेल्या माणसानं फीत लावली ती कुंपणापासून. "हीच हद्द ना?" त्यानं विचारलं. "हीच," उत्तमराव म्हणाले. त्या क्षणी माणिकबाईला दगड आठवला, चांगला लख्ख आठवला. तिच्या हातात पायाच्या पूजेचं ताट होतं, कुंकू होतं, आणि फोडायचा नारळ होता. नारळ फुटला. रांधायची खोली उभी राहिली. मेंदीच्या काड्या बाहेर खोचणं मात्र त्या सालापासून तिनं थांबवलं.

आणि या दिवाळीत पुंजाराम आला. पोरगी शहरात शिकावी म्हणून त्यानं शेजारचा प्लॉट घेतला. त्याचा मिस्त्री किसन म्हणजे पक्का माणूस. कुंपणाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. पश्चिमेचा दगड शाबूत होता. तिथून त्यानं मोजणीची साखळी, जरीब, धरली, नकाशावरचे पन्नास फूट मोजले, त्यातून चार वजा केले आणि सूत बांधलं. भिंत उभी राहिली ती बरोबर मेंदीच्या मुळाशी.

ओव्हरसियर आला, त्यानं कुंपण पाहिलं, भिंत पाहिली. दोघांत बोट जात नव्हतं.

"चार फूट कुठे आहेत?"

"हायत, साहेब," किसन मिस्त्री म्हणाला. "कुंपनाच्या पलीकडे हायत."

"पलीकडे म्हणजे यांच्या अंगणात?"

लोक हसले. समोरच्या घरातली पार्बताबाई कडेवर सूप घेऊनच बघायला आली होती. ती म्हणाली, "बाप्पा! आता घर एकाचं अन् गल्ली दुसऱ्याच्या आंगनात!"

ओव्हरसियरनं पूर्वेचा दगड शोधला, तो नव्हता. मग त्यानं उत्तमरावांना विचारलं. उत्तमराव बाजारात खऱ्या मापाचे म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी टोपी सारखी केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, सन बारापासून हे कुंपन इथंच हाय. बोटभर सरकलं असन तर माही जीभ झडो."

माणिकबाई दारात उभी होती. ती पाहत होती आपल्या नवऱ्याच्या तोंडाकडे. त्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. खोटेपणा सगळा तिच्याकडे होता.

मग उरलं काय? कुंपण खरं, तर पश्चिमेचा दगड खोटा. म्हणजे तो कोणीतरी चार फूट पूर्वेला सरकवला. ओव्हरसियर म्हणाला की मी कोणाचं नाव घेत नाही, पण फायदा कोणाचा ते दिसतंच आहे. पुंजारामला पंधरा दिवसांत भिंत पाडायची नोटीस लागली, आणि चौकशी होईतो किसन मिस्त्रीचं नाव कमेटीच्या यादीतून काढलं गेलं.

आठव्या दिवशी किसन मिस्त्री एकटाच आला आणि त्यानं पुन्हा सगळं मोजलं. दोनदा मोजलं. मग पाणी मागायला विहिरीवर आला. माणिकबाईनं लोटा भरून दिला. तो प्यायला, चूळ भरली आणि पाय धुवायला खाली बसला. पाय धुता धुता त्याचा हात दगडाच्या कडेवरून फिरला. काम करणाऱ्याचा हात, तो काही विचारून फिरत नाही. बोटं कडेखाली गेली, तिथं थांबली.

"बाई," तो म्हणाला, "हा गोटा कुठला वो?"

"वरूडचा," ती म्हणाली. "माही शकुन हाय ना तिकडे देल्ली. जावयानं पाठोला संत्र्याच्या गाडीत."

एकाच दगडाची आता दोन माहेरं झाली.

किसन मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं नाही. लोटा उलटा करून ठेवला.

"चांगला गोटा हाय," तो म्हणाला. "घडवलेला." आणि उठून, पंच्यानं पाय पुसत निघून गेला.

तो ओरडला असता, तर माणिकबाईनं पदर खोचून त्याला उत्तर दिलं असतं. तिची जीभ काही कमी नव्हती. बाजारात मापावरून तिनं भल्याभल्यांना गप्प केलं होतं. पण हा माणूस तिचं नाक कापायचं हत्यार हातात असून ते तिथंच ठेवून गेला. विहिरीवर गेली की तिला आपल्याच पायांची लाज वाटायची, ते त्या दगडावर पडत होते म्हणून.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा पहाटे जुड्या बांधताना तिनं नवऱ्याला सांगितलं. सगळं सांगितलं. वडराचं, बैलांचं, गोडलिंबाचं. ते ऐकत होते आणि हातातली जुडी आवळत होते. आवळता आवळता देठ तुटले आणि मेथी मांडीवर सांडली.

ते म्हणाले, "अजून कोनाले सांगतलं?"

"कोनाले नाई."

"मंग नको सांगू."

"आन् त्यायची भिंत?"

"भिंत का मरते? पुन्हा बांधतीन." मग मेथी वेचत, "मी जीभ झडो म्हटलं व, शकुनची माय. साऱ्यायसमोर म्हटलं."

त्यांनी टोपली उचलली आणि गेले. रोज पुढच्या दारानं जाणारा माणूस त्या दिवशी मागच्या दारानं, नाल्याकडून गेला. पुढच्या दारी पुंजाराम दात घासत उभा होता. तीस वर्षांच्या संसारात माणिकबाईनं नवऱ्याला कधी मागच्या दारानं जाताना पाहिलं नव्हतं. आपण केलेलं तिनं सात वर्षं पोटात ठेवलं होतं, ते जमलं होतं. हे तिला पाहवलं नाही.

तरीही ती गप्प राहिली, हे सांगायलाच हवं. दोन दिवसांतला पहिला दिवस ती गप्प होती आणि दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत गप्प होती. मनात ती सारखी हिशेब मांडत होती की पुंजारामकडे अठ्ठावीस एकर आहे, एक भिंत गेली तर त्याला काय. मिस्त्री काय, आज यादीत नाही, उद्या येईल. असा विचार करणारी बाई आपल्यात आहे हे तिला नव्यानं कळत होतं.

दुपारी रुख्मिणी आली. डोळे सुजलेले, पण बोलणं रोजचंच.

"मावशी, उद्या भिंत पाडतीन त ती खोली उघडी पडन. ज्वारी-तुरीचे डबे हायत, लोनच्याच्या बरन्या हायत. तुमच्या रांधाच्या खोलीत ठेवू काय चार रोज? दुसऱ्या कोनाच्या घरी ठेवाले मन होत नाई. लोकं पाहून राहिले आमच्याकडे."

"ठेव ना बाई," माणिकबाई म्हणाली. "इचारते काय."

डबे आले. सात डबे, चार बरण्या, एक पितळी डेग. रुख्मिणीनं ते एका ओळीत मांडले, पश्चिमेच्या भिंतीला लावून. चूल जवळच होती, म्हणून ती म्हणाली, "धुपट लागन काय डब्यायले?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "लागू द्या. घरातच त हायत."

माणिकबाई चुलीपुढे बसली होती. चुलीपासून त्या भिंतीपर्यंतची जमीन या बाईसाठी मोकळी सोडायची जमीन होती. आणि ही बाई तिथं आपले डबे ठेवायची परवानगी मागून गेली होती.

बुधवारी सकाळी कमेटीची चार माणसं सबला आणि घण घेऊन आली. ओव्हरसियर सायकलवर आला. गल्ली भरली. पार्बताबाईनं तर आज सूप घरीच ठेवलं होतं, दोन्ही हात मोकळे.

पुंजाराम पुढे झाला. "साहेब, परक्याचा हात नको. मी बांधली, मीच उतरवतो." तो मचाणावर चढला आणि वरच्या थराची पहिली वीट त्यानं कुरवाळल्यासारखी हलवून मोकळी केली.

"भिंत नका पाडू," माणिकबाई म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. शब्द दातांतच राहिला. पार्बताबाईनं तेवढं पाहिलं.

"काय म्हनते व माणिक? जोरात बोल ना. पुटपुटते काहून?"

म्हणजे तेही ओरडून सांगायचं नशिबी आलं. माणिकबाई ओरडली, भाजी विकताना ओरडायची तशी, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला ओरडताच येत नव्हतं. "भिंत नका पाडू! गोटा मी काढला!"

"कोणता गोटा?" ओव्हरसियर म्हणाला.

"हद्दीचा. आमच्या विहिरीवर हाय. त्याच्यावर आमी कपडे धुतो."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. शिव्या तिनं मनात धरल्या होत्या, मारही धरला होता. हे हसणं तिनं धरलं नव्हतं. त्या हसण्यातून चालत ती विहिरीवर गेली, मागून सगळी गल्ली. चार माणसांनी सबला घालून दगड उलटा केला. खाली ओल होती, गांडुळं होती, बांगड्यांचे तुकडे होते. बाण होता, आणि बत्तीसचा आकडा होता. ओव्हरसियरनं नकाशा उघडला, आकड्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटल्यासारखे केले.

"कुठून काढला?"

ती गोडलिंबाकडे गेली. तोवर हसणं थांबलं होतं.

"खाली कोयसा असन," किसन मिस्त्री मागून म्हणाला. तोही आला होता, गर्दीच्या कडेला उभा होता. "नझूलवाले गोट्याखाली कोयसा पुरतात. तो सडत नाई. खंदा."

गोडलिंब मुळासकट उपटला. हातभर खोलीवर काळा कोळसा लागला, जणू काल पुरलेला. तिथून पश्चिमेच्या दगडापर्यंत फीत धरली. पन्नास फूट. बोटभराचाही फरक नाही.

ओव्हरसियर उत्तमरावांकडे वळला. "आणि तुम्ही तर शपथ घेतली होती."

"त्यायले काई मालूम नव्हतं," माणिकबाई घाईनं म्हणाली. हे वाक्य तिनं आदल्या दिवसापासून घोटून ठेवलं होतं. सगळ्यांत तेच एक नीट बोलता आलं. "मी त्यायले वडरानं देल्ला म्हनून सांगतलं होतं. त्यायच्याकडे बोट नका दाखवू."

उत्तमराव जमिनीकडे बघत होते. त्यांनी टोपी काढली.

"मले परवापासून मालूम होतं, साहेब," ते म्हणाले. "ही सांगते म्हने. मीच नको म्हटलं."

माणिकबाईला त्या माणसाचा असा राग आला, की बोलायची सोय नाही. आणि त्याच वेळी परवापासून अडकलेला श्वास सुटला.

पुंजाराम मचाणावरच होता. हातातली वीट त्यानं होती तिथं ठेवली, अंगठ्यानं चेपली आणि खाली उतरला. शिवी देईल म्हणून सगळे थांबले होते. त्यानं धोतराची माती झटकली आणि घरात गेला. दार लावून घेतलं.

ओव्हरसियर किसनला म्हणाला, "यादीत नाव घ्यायचा अर्ज देऊन टाका."

"अर्ज कायचा, साहेब? मी चुकलो कुठं?"

ओव्हरसियरनं नकाशाची घडी केली. "बरं. मीच लिहितो," तो म्हणाला. मग उत्तमरावांच्या दारावर नवी नोटीस लागली. एका महिन्यात चार फूट मागे. चार फूट मागे म्हणजे रांधायची खोली अर्धी.

संध्याकाळी रुख्मिणी डबे न्यायला आली. एकेक उचलून नेऊ लागली. माणिकबाईनं पितळी डेगेला हात लावला.

"राहू द्या," रुख्मिणी म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. दारापर्यंत जाऊन थांबली. "मावशी, पंधरा रोज मी तुमच्यासमोर रडली ना. त्या गोट्यावर बसून. तुमी जुड्या बांधत होत्या."

दुसऱ्या दिवसापासून रुख्मिणी धुणं घेऊन नाल्यावर जाऊ लागली, अर्धा मैल.

पार्बताबाईला मात्र मोठा हंगाम सापडला. "काय व माणिक, नवा गोटा आनाचा असन त सांगजो. बाळापूरच्या किल्ल्याचा एखादा बुरूज निंघतो काय ते पाहू." बाजारात गिऱ्हाईकं मेथी घेताना उत्तमरावांकडे बघायची आणि माप झाल्यावर जुडी उगीच हातात तोलून बघायची. पूर्वी कोणी तोलत नसे. ते तोलून होईपर्यंत वाट बघत.

भिंत मागे घ्यायला मिस्त्री कोणाला विचारायचा? उत्तमराव आठ दिवस नुसते बघत राहिले. शेवटी किसन आपणहून आला. जुनी भिंत त्यानं वीट न फोडता उतरवली, विटा रचून ठेवल्या. माणिकबाई त्याला पाणी द्यायची, तो प्यायचा. चौथ्या दिवशी तिनंच विचारलं.

"मिस्त्री, तुमाले त्या दिवशीच मालूम झालं होतं ना?"

"वरूडले असा गोटा निंघत नाई, बाई."

"मंग बोलले काहून नाई? तुमचं त नाव गेलं होतं."

किसननं लोटा खाली ठेवला. "एक खोटं तुमी बोलल्याच होत्या," तो म्हणाला. "मी इचारत बसलो असतो त तुमी दुसरं बोलल्या असत्या. ते आयकू वाटलं नाई." आणि कामाला लागला.

नव्या भिंतीची लाइन पाडायच्या दिवशी तो म्हणाला की सूत धरायला दोन्ही घरचं माणूस पाहिजे, एकानं एक टोक, दुसऱ्यानं दुसरं. मागून कोणी बोलायला नको. उत्तमराव बाजारात होते. पुंजाराम बाळापुराकडे तूर काढायला गेला होता. किसननं दोन घरांच्या मधे उभं राहून हाक मारली, आणि हाक मारून सुताचा गुंडा सोडवत बसला, जसं काही झालंच नाही.

रुख्मिणी आली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा या बाजूला आली. मेंदी उपटून टाकली होती, त्यामुळे यायला वाट रुंद होती. तिनं सुताचं टोक घेतलं आणि रस्त्याकडच्या खुंटीपाशी बसली. दुसरं टोक माणिकबाईकडे. मधे किसन, हातात गेरूचा डबा.

सूत ताणलं गेलं. ते उघड्या पडलेल्या खोलीतून गेलं, सारवलेल्या जमिनीवरून गेलं, आणि नेमकं चुलीच्या मधोमध गेलं. चुलीत सकाळची राख होती.

रुख्मिणीनं सुतामागून बघितलं.

"चूल कुठं मांडान आता?" तिनं विचारलं. माणिकबाईकडे न बघता, चुलीकडे बघूनच.

"पडवीत."

"पडवीत पानी येते. पावसाचं."

"येते," माणिकबाई म्हणाली.

किसन मिस्त्री खाली वाकला, डोळा बारीक केला आणि सुताची रेघ बघू लागला. वारा होता. सूत मधे हलत होतं.

"सैल हाय तुमच्याकडून," रुख्मिणी म्हणाली. "वढा."

माणिकबाईनं ओढलं.

"अजून."

तिनं सूत हाताला एक वेढा घेऊन ओढलं.

"आता धरा तसंच," रुख्मिणी म्हणाली, आणि किसननं गेरू लावायला सुरुवात केली.